दाराचं गाणं

४ तारीख, सोमवार

सगळ्यात आधी वर आली ती विहीणबाई! जिन्यावरची पावलं ऐकूनच ओळखलं मी. एकेक पायरी अशी चढते की जिन्यावर उपकारच करतेय. तिच्यामागून थोरला, म्हणजे आमच्या भिंगरीचा मोठा दीर. दोघा भावांचं टायरचं दुकान आहे. मान इतकी जाड की डोकं नुसतं खांद्यावर आणून ठेवलंय असं वाटतं. आणि भिंगरीचा नवरा कुठे? खाली गाडीत! इंजिन चालू ठेवून! म्हणे गाडी लावायला जागा नाही. एवढा रस्ता मोकळा पडलाय, हत्ती लावता आला असता.

भिंगरी म्हणजे माझी नात. तिची आई गेल्यापासून मीच वाढवली. लहानपणी एका जागी ठरायची नाही म्हणून हे नाव. आता ठरते. फारच ठरते. गेल्या आठवड्यात आली ती उजवा हात प्लास्टरमध्ये घेऊन. न्हाणीघरात घसरले म्हणाली. असेल बाई, आजकालच्या फरशाच तसल्या. माझा गुडघा असाच गेला — पण ते राहू दे.

तर विहीणबाई. बसली ती खुर्चीच्या अगदी कडेला, एका अंगावर, जशी काही माझी खुर्ची मळकी आहे. चहा दिला तर ओठाचा एकच कोपरा कपाला लावला. आणि तोंडावर पावडरचा हा थर! मनात म्हटलं, या वयात कुणासाठी गं एवढं? बोलली काहीच नाही. सगळं थोरलाच बोलला.

"आजी, तिला आता पाठवा. घर तसंच पडलंय."

"शुक्रवारी कार्यक्रम आहे," मी म्हटलं. "आमची बाई गाणार आहे! तिकिटं भिंगरीनंच काढलीत. बाईचं हे शेवटचं गाणं म्हणे, यानंतर गाणार नाही."

"गाणं!" तो म्हणाला. "तुमच्या नातीच्या गाण्यापायी वरच्या-खालच्या लोकांच्या तक्रारी आल्यात. तेच तेच गाणं. भिंती हादरतात. माणसानं दुकानातून दमून यावं आणि घरात ही बोंब!"

मला तर हसूच फुटलं! म्हटलं, माझ्यावर गेलीय पोरगी! भिंगरी स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. ती नाही हसली.

जाता जाता विहीणबाई माझ्या रेकॉर्ड प्लेअरपाशी थांबली. "चालतो हा?"

"चालतो म्हणजे? पळतो!"

"आवाज किती मोठा होतो?"

बघा! एवढा वेळ गप्प, आणि तोंड उघडलं ते टोमणा मारायला. मी काय कमी आहे? म्हटलं, "कोपऱ्यावरचा न्हावी वस्तरा थांबवतो, विहीणबाई. गिऱ्हाईकाचा कान जाईल म्हणून."

तिनं मान हलवली आणि उतरली.

"रविवारी दहाला येतो," थोरला जिन्यातून ओरडला. "तयार ठेवा तिला."

तयार ठेवा! टायर आहे का ती?

५ तारीख, मंगळवार

शुक्रवार काही लवकर येत नाही. गुडघ्याला तेल लावलं.

६ तारीख, बुधवार

आज भिंगरीचे केस धुवून दिले. एका हातानं कसे धुणार. सदरा काढायला लाजत होती. म्हटलं, तुझे लंगोट मी बदललेत, माझ्यापुढे कसली लाज!

दंडावर चार बोटं. हिरवी-पिवळी झालेली. आणि आतल्या बाजूला पाचवं, अंगठ्याचं. पाठीवर, कमरेच्या वर, बुटाच्या टाचेएवढं काळं.

न्हाणीघराच्या फरशीला बोटं असतात होय!

मी पाणी ओतत राहिले. साबण डोळ्यांत गेला म्हणून ती रडली. मग साबण धुऊन गेला तरी रडत राहिली. म्हणाली, "आजी, यावेळी तोही रडला. पाय धरले त्यानं. परत नाही करणार म्हणाला."

"हात कसा मोडला?"

"दारात अडकवला."

"कुणी?"

"दार लोटलं त्यानं. मी बाहेर पडत होते ना."

मी टॉवेल पिळला. असा पिळला की त्याची शिवण सुटली. त्याची मान असती तर! देवा, मला तरुण कर एका तासापुरती. पाऊण तास पुरेल.

"रविवारी जाते मी," भिंगरी म्हणाली. "तमाशा नको आजी. माझी शपथ."

७ तारीख, गुरुवार

डोळा लागला नाही. सकाळपासून रांग आठवतेय.

लॉन्ड्रीच्या मागे आमच्या खोल्यांची रांग होती. बाया सगळ्या लॉन्ड्रीत, पुरुष गोदामात. हॉटेलांच्या, दवाखान्यांच्या चादरी यायच्या. उकळत्या भट्टीत त्या ढवळायला सोटा असायचा — खांद्याएवढा उंच, वाफेनं पांढरा पडलेला, हाडासारखा गुळगुळीत. प्रत्येकीचा आपापला. ढब्बीचा सर्वांत जाड. काडीचा बारीक, पण ती मारायची घोट्यावर! मुकादमीण आमच्यावर देखरेख करायची, तिच्या सोट्याला टोकाशी लोखंडी पट्टी होती.

रांगेत भिंती पुठ्ठ्याच्या. कोण कुठल्या कुशीवर वळलं ते कळायचं. आणि पगाराच्या दिवशी मार. आधी भांडं पडायचं, मग शिवी, मग तो आवाज. तो आवाज लिहिता येत नाही. ओली चादर दगडावर आपटल्यासारखा असतो.

मुकादमिणीकडे तेव्हा रांगेतला एकुलता एक रेकॉर्ड प्लेअर होता, आणि बाईच्या तबकड्या. या गाण्यांना सोल म्हणतात असं भिंगरी सांगते. आम्ही आपलं पोटातलं गाणं म्हणायचो. बाई गाते ती गळ्यातून नाहीच, खालून कुठून तरी उपसून काढते. त्यात एक दाराचं गाणं. ढोलाचे तीन ठोके, मग पितळी वाद्यं एकदम अंगावर येतात, मग बाईची आरोळी! कुणीतरी बाई दुसऱ्या बाईच्या दाराशी उभी आहे आणि म्हणतेय — उघड, मी आहे.

एका पगाराच्या दिवशी काडीचा नवरा काडीला खुर्चीच्या पायानं मारत होता. मुकादमिणीनं ते गाणं लावलं, प्लेअर खिडकीत ठेवला, सोटा उचलला आणि चालायला लागली. कुणाला हाक नाही, काही नाही. आम्ही एकेक बाहेर. पितळी वाद्यं वाजेपर्यंत सात-आठ सोटे दारावर! दार फुटलंच. त्याच्या गळ्याजवळचं हाड मोडलं. त्याला दवाखान्यात नेला तर तिथंही आम्हीच धुतलेली चादर.

मग तो रिवाजच पडला. नंतर घरोघरी टेप आले, तेव्हा जिला गरज तिनंच गाणं लावायचं. गाणं वाजलं की बाकीच्या हातातलं काम टाकून निघायच्या. तान्हं पाजत असली तरी! लोकांना वाटायचं, या बायांना गाण्याचा किती नाद.

माझ्या दारावरही आल्या होत्या. ह्यांनी पट्ट्याचं बक्कल काढलं होतं. ही भुवईवरची खूण तेव्हाची. ढब्बी ह्यांच्या छातीवर बसली आणि शांतपणे म्हणाली, "भावजी, आज उठू का उद्या?" तिसऱ्या दिवशी हे मलाच विचारतात, तिला खायला काय घालता? त्यानंतर हात उचलला नाही कधी. म्हातारपणी रेडिओवर ते गाणं लागलं की हे पलंगाखाली चपला शोधायचे!

भिंगरीला मी हीच गोष्ट सांगून झोपवायची. दुसरी येतच नव्हती मला. "मग दार फुटलं?" विचारायची. "फुटलं!" की झोपायची.

८ तारीख, शुक्रवार

निळा झगा घातलाय. बसत नव्हता, भिंगरीनं काखेत उसवून दिला. नाचायचं झालं तर हात वर करायचा नाही, एवढंच. निघतो आता!

९ तारीख, शनिवार

सगळं लिहिते. क्रमानं लिहिते. 

हॉल केवढा! खुर्च्या लाल, मऊ. पुढच्या माणसाचं डोकं मोठं होतं. मी त्याला म्हटलं, "बाबा, जरा खाली सरक, मी पन्नास वर्षं वाट बघितलीय." सरकला बिचारा.

बाई आली. सॅक्सोफोनवाल्याच्या दंडाला धरून, पाऊल घासत. केवढीशी झालीय! तबकडीवरच्या फोटोत कशी भरलेली होती. चकचकीत झगा अंगावर लोंबत होता. खुर्चीवर बसवली. पहिलं गाणं धरलं आणि आवाज फाटला. मधेच विरून गेला. सगळा हॉल चिडीचूप. मागून एक दारू प्यायलेला ओरडला, "घरी जा म्हातारे!"

मी वळले. छत्री होती हातात. उजवीकडून एक, डावीकडून एक! कानशिलावरच बसली. तो उठला माझ्यावर, तर भिंगरीनं प्लास्टरचा हात मधे घातला. त्याचं नाक आपटलं त्याच्यावर. रक्तच! दोन दरवान आले आणि त्याला काखेत धरून घेऊन गेले. मला म्हणाले, "आजी, छत्री द्या." दिली. काम झालं होतं.

बाईनं सगळं वरून पाहिलं. माईक जवळ घेतला. "तिसऱ्या रांगेतली ती माझी बहीण दिसते," म्हणाली. हॉल असा हसला! आणि मग तिनं पायातल्या चपला काढल्या, उभी राहिली आणि गायली. काय सांगू! आवाज फाटलेलाच होता, पण आता ती त्या फाटक्या जागेतूनच गात होती. पत्रा फाडावा तशी. वादक तिच्याकडे बघत होते, कुठे थांबते, कुठे झेप घेते. ऑर्गनवाला म्हातारा तर रडत वाजवत होता. माझ्या बरगड्या आतून हलत होत्या. घाम, डोळ्यांतलं पाणी, सगळं एक. मी इतकी खूश झाले की पुढच्या मोठ्या डोक्याच्या माणसाला पाठीत गुद्दे घालत होते.  तोही रडत होता.

आणि मग ढोलाचे तीन ठोके.

मी उभी राहिले. राहिले म्हणजे काय, माझं मला कळलंच नाही. उजवा हात मागे गेला, दारामागचा सोटा घ्यायला! आणि पाय चालायला लागले. खुर्च्यांच्या मधल्या वाटेवर आले. गाण्याकडे पाठ. बाहेरच्या दाराकडे!

पाहते तर डावीकडून आणखी एक म्हातारी उठलीय. ढेंगा टाकत दाराकडे. मागून एक, काठी टेकत. वरच्या सज्जातून एक जिना उतरत होती. सगळ्यांचे उजवे हात असे, मुठी वळलेल्या, रिकाम्या. डावीकडची माझ्याजवळ आली आणि मला धक्का देऊन पुढे जाणार, तेवढ्यात तोंड दिसलं. ढब्बी! माझी ढब्बी! निम्मी झालीय, पण ढब्बीच!

"कुणाचं दार?" ती मला म्हणाली. एवढ्या वर्षांनी भेटली आणि पहिलं वाक्य हे!

बाई गाता गाता थांबली. वादक वाजवतच होते. "जन्मभर हे गाणं गातेय," म्हणाली, "यावर लोक नाचायला उठतात. निघून जाणाऱ्या तुम्ही पहिल्याच! कुठे चाललात गं?"

ढब्बी गर्रकन वळली. "मारायला!"

हॉल पुन्हा हसला. त्यांना गंमत वाटली. बाई नाही हसली. आमच्याकडे बघत राहिली, आणि पुढचं अख्खं गाणं उभ्यानं आमच्याकडे तोंड करून गायली. शेवटची आरोळी अशी दिली की सज्जाची काच वाजली.

बाहेर आम्ही एकमेकींच्या गळ्यात. काडी होती सज्जात, मुकादमीण काठीवाली. चौघी चार तिकिटं काढून चार जागी बसलेल्या! रडतोय, हसतोय, एकमेकींचे दात मोजतोय. तेवढ्यात भिंगरी बाहेर आली. भिंतीला टेकून उभी. तोंड पांढरं.

"आजी," म्हणाली, "खरंच उठता तुम्ही?"

"म्हणजे काय! तुला लहानपणापासून सांगतेय."

"मी पण लावायचे गं," ती म्हणाली. "तो मारायला लागला की मी ते गाणं लावायचे. दर वेळी. कुणी आलं नाही. वरचे काठीनं जमीन ठोकायचे. खालच्यांनी तक्रार केली."



मी तिला गाणं दिलं. रांग कुठून देणार होते?

"आणि ती सासू?" मी विचारलं. "ती काय करायची? तिलाही माहीत होतं का हे?"

"त्यांना मी सांगितली होती रांगेची गोष्ट. लग्न झालं तेव्हा, गंमत म्हणून." भिंगरी जमिनीकडे बघत होती. "माझा हात पोचला नाही की सासूबाई आवाज वाढवायच्या. पार शेवटपर्यंत. माझं ओरडणं ऐकू जाऊ नये म्हणून."

ऐकलंत! किंकाळी झाकायला माझं गाणं! पावडर फासून माझ्या खुर्चीवर बसली आणि मलाच विचारते, आवाज किती मोठा होतो! मी तिथेच शपथ घेतली. रविवारी पहिला फटका पोरांना नाही. पहिला त्या बाईच्या पावडर लावलेल्या थोबाडावर. पावडर भिंतीवर उडाली पाहिजे!

९ तारीख, शनिवार, संध्याकाळी

ढब्बीचा फोन. सोटा अजून आहे म्हणाली, पडदा लावायला वापरते. पडदा काढून ठेवलाय. काडी आणि मुकादमीण बसनं येतात. नऊला इथं असतील सगळ्या.

मुकादमिणीची नातसून पोलिसात आहे. तिलाही घेऊन येते म्हणाली, पण थोड्या उशिरा. "आधी आपण, मग ती," म्हणाली. स्वभाव काही गेला नाही!

माझा सोटा माळ्यावर होता. काढला, पुसला. उचलायला जड झालाय. तोच जड झाला असणार, मी काही हलकी नाही झाले.

भिंगरीनं बॅग भरून दाराशी ठेवलीय. मी म्हटलं, जायचंय तुला? "माहीत नाही," म्हणाली. "तिथं नाही गेले तर ते इथं येतील, आजी. दर रविवारी येतील. तू किती दिवस सोटा धरणार?"

मी बॅगेला लाथ मारली. अंगठा दुखावला.

१० तारीख, रविवार

दहाला येतो म्हणाले होते. सगळ्यात आधी वर आली ती विहीणबाई. सातलाच. एकटी, पायात घरातल्या सपाता.

मी सोटा उचलला होता. खरंच उचलला होता.

पावडर नव्हती आज. एक डोळा मिटलेला, ओठ कोपऱ्यात फाटलेला, आणि त्याखाली जुने डाग, पिकलेले, कितीतरी दिवसांचे. सदऱ्याच्या कॉलरवर रक्त. थोरल्यानं केलं म्हणाली. भिंगरीला आणायला येणार नाही म्हटलं, म्हणून.

दारातच उभी राहिली. आत या म्हटलं तरी येईना. भिंगरीकडे बघून म्हणाली, "मी आवाज वाढवायचे गं. जेवढा वाढायचा तेवढा. म्हटलं कुणाच्या तरी कानावर जाईल, कुणीतरी उठेल. कुणीच येईना."

भिंगरीनं दाराशी भरून ठेवलेली बॅग उघडली. त्यातला धुतलेला सदरा काढला आणि सासूला दिला.

दोघं दहाला येतील. आमच्या तिघी नऊला. सोटा दाराशी टेकवून ठेवलाय.

सुई विहीणबाईनं ठेवली. आवाज भिंगरीनं वाढवला.